ठोकळेबाई

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. अक्षर तर किरटं आहेच. इतकी वर्षं काचेची भांडी धुऊन बोटांची टोकं अशी झालीत की पेन धरलेला कळत नाही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. पण चुकून कुणाच्या हाती पडलंच, तर अक्षराला हसा, मजकुराला हसू नका.

लिहायला बसले ती रागाने. गेल्या आठवड्यात आमच्या चाकणच्या कंपनीत नवीन मशीन आलं. औषधासाठी लागणारे रेणू तुकड्या-तुकड्यांनी जोडून देणारं मशीन. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. प्रयोगशाळेचे साहेब पुढे उभे राहून म्हणाले, "ही पद्धत आपण इथं शून्यातून उभी केली." मी मागे पेढ्यांचा ट्रे धरून उभी होते. अंगाची नुसती आग झाली. आपण म्हणजे कोण? जिने ती उभी केली त्या बाईचं नाव साहेबांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. पाठीमागे तिला ठोकळेबाई म्हणून फिदीफिदी हसणारी तीच माणसं टाळ्या वाजवत होती. मी ओरडायला पाहिजे होतं. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, लहानपणापासून. म्हणून वही.

मॅडमची पहिली ओळख मला त्यांच्या भांड्यांवरून झाली. माझ्याकडे दिवसभर टब भरून येतात, फ्लास्क, नळ्या, चंबू. बाकीची शिकलेली माणसं तळाला डांबरासारखं काळं वाळलेलं भांडं तसंच टबात टाकून बस पकडतात. मॅडमचं भांडं आधी एकदा विसळलेलं असायचं, आणि आत काय होतं त्याची चिठ्ठी त्याच्या गळ्याला बांधलेली. पहिल्यांदा मी घाबरून म्हणाले, "मॅडम, तुमी कशाला? मी हाय की." तर म्हणाल्या, "अक्का, मी आत काय शिजवलंय ते मला माहिताय. तुम्ही न बघता हात घालणार. उद्या बोटं भाजली तर साहेब येणारेत का मलम लावायला?" सगळी कंपनी मला मावशी म्हणते. त्या परभणीकडच्या, म्हणून अक्का म्हणायच्या. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असतील.

मोशीहून स्कूटीवर यायच्या. कांद्याच्या बाजाराच्या दिवशी ट्रकांमध्ये अडकल्या की हेल्मेट काढायच्या आधी तोंड सुरू व्हायचं. "अर्धा तास कांद्याची पोती मोजत उभी होते बघा. अख्ख्या महाराष्ट्राचा कांदा माझ्याच पुढं चालला होता." आवाज मोठा, चालणं मोठं. राग आला की समोर कोण आहे हे बघायच्या नाहीत. त्यांचा हा राग पुढे एकदा माझ्याही वाट्याला आला. तो मी विसरलेले नाही, आणि इथे लपवणारही नाही.

त्यांना ठोकळेबाई का म्हणत ते सांगते. आमच्याकडे बाहेरच्या कंपन्या येतात आणि म्हणतात, आम्हाला हा असा रेणू पाहिजे, करून द्या. मग आमची माणसं प्रत्येक रेणूसाठी नवा रस्ता शोधत बसायची. महिने जायचे. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणायच्या, बहुतेक रेणूंमध्ये तेच तेच तुकडे असतात. ते तुकडे आधीच तयार करून ठेवा, आणि एकाच रीतीने एकाला एक जोडत जा. एकदा मी भांडी पुसत होते, तर माझ्या हातातला दोन तोंडांचा फ्लास्क घेऊन त्यांनी एका नळीला लावला, मग काढून दुसऱ्या नळीला लावला. "अक्का, हे कुठल्याही नळीला बसतंय, का?" मी म्हणाले, "तोंडाचं माप एकच हाय." "झालं. तेवढंच आहे माझं शास्त्र. सगळ्या तुकड्यांची तोंडं एका मापाची करायची." मग एक बूच घेऊन त्यांनी फ्लास्कच्या एका तोंडात बसवलं. "आणि प्रत्येक तुकड्याच्या एका तोंडाला बूच. नाहीतर ते आपसातच जुळत बसतात, नको तितके. एक तोंड जोडायचं, मग दुसऱ्याचं बूच काढायचं, पुढचा जोडायचा." एवढं मला कळलं. त्या क्षणी मला वाटलं, हे तर चौथी झालेल्या बाईलाही कळतंय, मग साहेबांना का कळत नाही?

साहेबांना कळत होतं, पटत नव्हतं. ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "मॅडम, हे बालवाडीतले ठोकळे झाले. खरी केमिस्ट्री अशी नसते." एकदा मॅडमनी तिथल्या तिथे ऐकवलं, "साहेब, प्रत्येक घरासाठी वेगळी वीट भाजायची असती, तर मोशीत एक तरी बिल्डिंग उभी राहिली असती का?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांच्या मनात ते राहिलं, हे मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. मी कुणाशी बोलत नसल्यामुळे मला बघायला भरपूर वेळ असतो.

"एक जोड, एक धुणं. एक जोड, एक धुणं. बाकी सगळं नाटक." हे मॅडमचं रोजचं पालुपद. जोडल्यावर त्यात बराच कचरा उरतो, तो काढावा लागतो. त्यासाठी उभी काचेची नळी, तिच्यात सिलिकाची पांढरी भुकटी. त्या मला मुद्दाम बोलवायच्या, "या अक्का, धुण्यातलं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं." आणि खरंच ते बघण्यासारखं असायचं. बूच असलेला रेणू त्या भुकटीला घट्ट धरून बसतो. वरून इथर ओतलं की पिवळा, तपकिरी सगळा कचरा वाहून जातो, हा हलत नाही. मग टीएचएफ नावाचं दुसरं द्रव ओतलं की हा लगेच हात सोडतो आणि एकटा, स्वच्छ खाली उतरतो. दोन्ही द्रवं दिसायला पाण्यासारखी. फरक वासाचा. मॅडमनी मला दोन्हींचा वास ओळखायला शिकवला आणि रोज सकाळी या दोन बाटल्या भरायचं काम माझ्याकडे दिलं. तुकड्यांच्या कुप्यांचा फ्रीजही माझ्या ताब्यात दिला. लाल चिकटपट्टी एका बाजूला, निळी एका बाजूला, नंबराप्रमाणे. "ठोकळेबाई म्हणा नाहीतर काही म्हणा, माझे ठोकळे जागेवर पाहिजेत," असं पोरांना म्हणायच्या. एकही कुपी माझ्या हातून कधी इकडची तिकडे झाली नाही. हे मी अभिमानाने लिहिते.

आणि मग तो दिवस आला. चार तुकड्यांचा एक रेणू चालला होता. तिसरी जोडणी झाली होती, धुणं बाकी होतं. मॅडमना मुलाच्या शाळेत बोलावलं होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेताना सांगून गेल्या, "मी आल्याशिवाय नळीला हात लावू नका." पण त्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले. ज्यांचं काम होतं तेच. साहेबांना त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. बालवाडीतले ठोकळे अचानक फार मोठे झाले होते. साहेब स्वतः नळीपाशी उभे राहिले आणि इथर ओतत ओतत इंग्रजीत समजावू लागले. बोलता बोलता बाटली संपली. त्यांनी वळून बाकाखालचा कॅन उचलला, पाहुण्यांकडे बघत बघतच बाटली भरली आणि ओतली. मी चार हात लांब फरशी पुसत होते. मला वास आला. इथरचा नव्हता, टीएचएफचा होता.

मी त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. नुसतं "साहेब" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तोंड उघडलंच नाही. याचा राग मला साहेबांच्या रागाइतकाच आहे.

दुपारी मॅडम आल्या. पुढचं धुणं केलं तर खाली काहीच उतरेना. दोन महिन्यांचं काम, आणि फ्लास्क रिकामा. त्यांनी इथरची बाटली उघडून नाकाला लावली. "हे इथर नाही." साहेब दारात होते. अगदी सहज म्हणाले, "बाटल्या मावशी भरतात ना?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मॅडम माझ्यासमोर आल्या. "अक्का, या एवढ्या प्रयोगशाळेत मी दोन बाटल्या तुमच्या भरवशावर ठेवल्या होत्या. दोनच. तेवढंही जमलं नाही तुम्हाला?" मी फरशीकडे बघत राहिले. कुणीतरी मागे म्हणालं, "चौथी पास बाईला केमिकल द्यायचं म्हणजे…" पुढचं ऐकू आलं नाही, कान गरम झाले होते. संध्याकाळपर्यंत कागद तयार झाला. नुकसानीचं कारण, मदतनीस महिलेने, पुढे कंसात माझं नाव, बाटली चुकीची भरली. मी ठेकेदाराची माणूस, कंपनीची नव्हे. ठेकेदाराने निरोप पाठवला, दर महिन्याला दोन हजार कापणार, सहा महिने.

कामाच्या शेवटी टाकाऊ द्रवाचे कॅन ओढत शेडमध्ये नेऊन ठेवायचं काम माझंच. सकाळी गाडी येऊन ते जाळायला घेऊन जाते. त्या दिवशी नळीखालचं सगळं हिरव्या कॅनमध्ये पडलं होतं. तो ओढताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. धुतलेलं नाहीसं होत नाही, ते खाली जातं. हे मला कुणी शिकवायला नको. मी तो कॅन शेडमध्ये नेलाच नाही. जिन्याखाली रिकाम्या खोक्यांच्या मागे ढकलून ठेवला आणि बस पकडली. मॅडमसाठी केलं असं म्हणणार नाही. त्यांचं तोंडही बघायची इच्छा नव्हती. माझ्यासाठी केलं.

सकाळी मॅडम स्कूटी लावत होत्या तेव्हा गेले. 

"मॅडम, कॅन गेला न्हाई."

"कसला कॅन?"

"कालचा हिरवा. जिन्याखाली ठेवलाय. तुमचं त्यातच आसंल. बूच तर अजून हाय ना त्याला?"

मॅडमनी हातातलं हेल्मेट स्कूटीवर ठेवलं. मग एकदम माझं मनगट पकडलं. "अक्का, त्यात कॉस्टिक ओतलं का कुणी? कॉस्टिक पडलं तर बूच निघतं, मग काही राहत नाही."

"कॉस्टिक निळ्या कॅनात जातं. हिरव्यात नळीखालचंच हाय, आन् थोडं ॲसिटोन."

त्या जिन्याकडे अक्षरशः पळाल्या.

दिवसभर आम्ही दोघीच होतो. द्रव गरम करून उडवायची दोन यंत्रं चालू ठेवली. तळाला तपकिरी चिकटा उरला, बघून किळस यावी असा. मॅडमनी तो नव्या नळीत सिलिकावर चढवला आणि मला म्हणाल्या, "भरा बाटली." मी त्यांच्या समोर इथर भरलं, वास घेतला, त्यांच्याही नाकापुढे धरली. ओततच राहिलो. पिवळं गेलं, तपकिरी गेलं, नंतर नुसतं पाण्यासारखं पडायला लागलं. मग टीएचएफ. खाली उतरलं ते वाळवल्यावर पांढरी भुकटी झाली. मॅडमनी काट्यावर ठेवली. जवळजवळ सगळी होती. त्या खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. मला हसू आलं नाही.

"साहेबांनी भरली व्हती बाटली," मी म्हणाले. "मी बगितलं."

मॅडमचं हसणं थांबलं. "मग काल का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी ठरवलं."

आयुष्यात कुणा शिकलेल्या माणसाला मी एवढं बोलले नव्हते. मॅडमनी काट्यावरचा आकडा वहीत लिहून घेतला. 

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीन भरलेलं असताना, त्या ताट घेऊन उभ्या राहिल्या. "परवा मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. बाटली अक्कांनी भरली नव्हती. आणि माल वाचला तो त्यांनी कॅन बाजूला ठेवला म्हणून. माझं चुकलं."  चमच्यांचे आवाज तेवढे चालू राहिले. साहेब वरण वाढून घेत म्हणाले, "मिळालं ना परत? मग संपवा विषय."

विषय संपला नव्हता. कागद तसाच होता आणि माझा पगार कापला जात होता. ठेकेदार म्हणायचा, "तोंडी चालत नाही मावशी, कागदावर तुमचं नाव आहे. ते निघाल्याचा कागद आणा." तो अहवाल पाहुण्यांच्या कंपनीला जायचा होता आणि त्यावर मॅडमची सही लागत होती. मॅडम सही करीनात. साहेबांच्या काचेच्या केबिनबाहेर मी फरशी पुसायचे आणि सगळं ऐकायचे.

"अहो, एवढ्याशा ओळीसाठी काम अडवून ठेवलंय तुम्ही."

"एवढीशी आहे ना? मग खोडा."

"तिला काय फरक पडतो? ती इंग्रजी वाचणार आहे का?"

"पगार इंग्रजीत कापत नाहीत, साहेब."

असं महिनोन्‌महिने चाललं. त्यांच्याकडची कामं काढून दुसऱ्यांना दिली. फ्रीजची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. शेवटी पाहुण्यांचा तगादा लागला तेव्हा ती ओळ बदलली. बाटली भरताना चूक झाली, एवढंच लिहिलं. कुणाकडून, ते नाही. माझं नाव निघालं, साहेबांचं लागलं नाही. मॅडमनी तेवढ्यावर सही केली. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता. अजून थोडं ताणायला पाहिजे होतं, असं वाटलं. आता कळतं, ताणायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांना सांगितलं की तुमच्यासाठी इथे काम नाही. कंपनीत आजही सांगतात, मॅडम स्वतःहून गेल्या. खोटं आहे. माझ्यासमोर त्यांनी घाईघाईत, अर्धं सामान तसंच टाकून टेबल आवरलं. स्वतःहून जाणारी बाई अशी आवरत नाही.

गेटवर त्यांनी बदललेल्या कागदाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. "सहाही हप्ते कापलेत त्यानं. हे घेऊन जा आणि मागा. मी बरोबर आले तर तो मलाच देईल, पुढच्या वेळी परत कापील. तुम्ही मागा." मी मान हलवली. त्या हैदराबादला गेल्या. पहिल्या दिवाळीला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "अक्का, पैसे दिले का त्यानं?" मी म्हणाले, "दिले." दिले नव्हते. मी मागायला गेलेच नव्हते. झेरॉक्स कपाटात साड्यांखाली होती. रोज जाईन म्हणायचे आणि त्याच्या ऑफिसच्या जिन्यापासून परत यायचे.

मशीनला हार घातला त्या रात्री मला झोप लागली नाही. काल पहिल्या शिफ्टहून सुटल्यावर घरी न जाता तळेगाव चौकात उतरले. टायरच्या दुकानावर ठेकेदाराचं ऑफिस. बाकावर दोन ड्रायव्हर बसले होते.

"या मावशी. आज इकडं कुठं?"

मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. "कागद आणा म्हणाला व्हता. आणलाय."

त्याने उलटीपालटी करून बघितली. "हे लई जुनं झालं हो. आता वरून फोन आल्याशिवाय—"

"नाव काढलंय माझं. बघा. पैसे द्या."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग ड्रायव्हरांकडे, आणि कपाळाला आठ्या घालत खण उघडला. नोटा मोजून पुढे सरकवल्या. "दहा आहेत. दोन हिशोबात गेले."

"कुठल्या हिशोबात?"

"असतात मावशी खर्च. तुम्हाला नाही कळायचे."

 आवाज फाटला, पण निघाला. "सहा महिने दोन-दोन हजार कापले. बारा व्हतात. चौथीपर्यंतचे पाढे येतात मला. बारा द्या."

एक ड्रायव्हर हसला. "दे रे भाऊ, बाई बरोबर बोलतीय."

"एवढं बोलता येतं होय तुम्हाला?" ठेकेदार म्हणाला. मी जागेवरून हलले नाही. त्याने शर्टाच्या खिशातून पाचशेच्या चार नोटा काढल्या आणि एक-एक करून टेबलावर आपटल्या. मी सगळ्या उचलल्या, तिथेच उभी राहून त्याच्या डोळ्यांदेखत दोनदा मोजल्या. बारा हजार. पुरे.